परळची हाफकिन संस्था : सव्वाशे वर्षांचा इतिहास

१० ऑगस्ट १८९९ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरीचे उद्घाटन झाले. आज जिला आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो तिचा वाढदिवस हाच. काम मात्र त्याआधी जवळजवळ तीन वर्षे सुरू झाले होते, आणि ज्या वास्तूत ते येऊन स्थिरावले ती तर त्याहून कितीतरी जुनी होती. तेव्हा आधी वास्तूविषयी.

पोर्तुगीज अमलात हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होता. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तो जेझुइटांकडून काढून घेतला. १७७१ पासून गव्हर्नर विल्यम हॉर्नबी इथे राहू लागले आणि परळ हे मुंबई इलाख्याच्या सत्तेचे ठिकाण बनले. चर्चच्या जागी मेजवानीचे दालन झाले, वरच्या मजल्यावर नृत्यशाळा आली. पुढे आजूबाजूला गिरण्या उभ्या राहिल्या, वस्ती दाटली, हवा बिघडली. १८८०च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे याच घरात कॉलऱ्याने निधन झाले. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला आणि परळचा वाडा ओस पडला. कॉलऱ्यामुळे सोडलेले हे घर कॉलऱ्याची लस शोधणाऱ्या माणसाच्या ताब्यात यावे, हा योगायोग विसरता येत नाही.

तो माणूस म्हणजे वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन. जन्म १८६०चा, ओडेसातल्या ज्यू कुटुंबातला. जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांचा हा विद्यार्थी पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला. तिथे १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांतून, चहाच्या मळ्यांतून, लष्करी छावण्यांतून कॉलऱ्याची लस टोचत फिरले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात माणसे पटापट मरू लागली. काखेत किंवा जांघेत गाठ, सणसणून ताप आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. हा गाठीचा प्लेग आहे असे निःशंकपणे सांगणारे डॉक्टर होते अकासियो गाब्रिएल व्हिएगस, गोव्यातल्या हडफड्याचे. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांना तो कोणाचा हे ठाऊक असेल, असे तिथून जाताना मनात येते. निदान झाले, पण औषध नव्हते. प्लेगचा जिवाणू हाँगकाँगमध्ये सापडून जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि तो पसरतो कसा हे कोणालाच कळलेले नव्हते. लोक शहर सोडून गावाकडे निघाले, गिरण्यांची खाती रिकामी पडू लागली.

ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतची ओसरी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्या बळावर त्यांनी जगात कुणी न बनवलेली लस बनवायला घेतली. काम असे होते की एका सहायकाचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि दोघे काम सोडून गेले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या रोगाच्या धास्तीने शहर रिकामे होत होते, त्याचेच जिवाणू दिवसरात्र चंबूत वाढवायचे होते.

लस कशी बनायची हे जरा तपशिलाने सांगायला हवे, कारण संस्थेचे पहिले मोठे शास्त्रीय काम तेच. जिवाणू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो गोमांसाचा असे. इथे तो चालणार नाही हे हाफकिन यांनी ओळखले आणि बोकडाचे मांस आम्लात विरघळवून रस्सा तयार केला. तो काचेच्या मोठ्या चंबूत भरायचा आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. जिवाणू त्या तरंगत्या थेंबांना धरून खाली वाढत आणि काही दिवसांनी गुहेच्या छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे दिसू लागत. चंबू हलकेच हलवला की ते सुळके तळाशी बसत आणि वर नवे पीक येई. असे आठवडेच्या आठवडे चाले. शेवटी चंबू तापवून जिवाणू मारायचे, त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे आणि लस बाटल्यांत भरायची. आपल्या स्वयंपाकघरातले तूप प्रयोगशाळेत कामाला आले ते असे. जिवाणूला काय मानवते आणि ज्यांना टोचायचे त्यांना काय चालते, या दोन्ही गोष्टींचा विचार एकाच माणसाने केला होता. हाफकिन यांचा मोठेपणा मला तिथे दिसतो.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लसीचा १० घनसेंटिमीटरचा डोस स्वतःला टोचून घेतला. पुढे लोकांना देण्यात आलेल्या डोसाच्या मानाने तो कितीतरी मोठा होता. ताप चढला, टोचलेली जागा ठणकली, पण काम थांबले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी राजी झाले त्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही. दोन्ही गट एकाच छताखाली, एकाच अन्नावर, एकाच धोक्यात होते. लस घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे कमी आढळले. त्या काळाच्या मानाने ही चाचणी फार नेटकी होती.

एवढ्याने लोकांचा विश्वास बसला असता तर बरेच जीव वाचले असते. पण ते वर्षच संशयाचे होते. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ यांमुळे सरकारच्या प्लेगबंदोबस्ताविषयी लोकांच्या मनात चीड होती. जूनमध्ये पुण्यात प्लेगबंदोबस्ताचे अधिकारी रँड यांच्यावर प्राणघातक गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. अशा वातावरणात परक्या माणसाच्या सुईखाली हात द्यायचा कोणी? मुंबईत पुढे आले ते जेमतेम विशीतले आगाखान. त्यांनी स्वतः लस घेतली, आपल्या हजारो खोजा अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. ग्रँट कॉलेजातून मलबार हिलवर, तिथून खुश्रू लॉजमध्ये आणि तिथून १८९९ साली परळला, अशी ही बिऱ्हाडे बदलत प्रयोगशाळा आपल्या कायमच्या घरी आली. जिथे मेजवान्या झडत त्या दालनांत आता लसीचे चंबू मांडले गेले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पाठवले गेले.

आता मुल्कोवाल. संस्थेच्या इतिहासातले हे सगळ्यात दुःखद पान आहे आणि ते पूर्ण सांगितलेच पाहिजे. पंजाबात प्लेग पसरला तेव्हा लसीची मागणी अफाट वाढली. ती पुरी करण्यासाठी परळला लस बनवण्याची नवी, जलद पद्धत सुरू झाली होती आणि तीत कार्बोलिक आम्ल वगळले होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण पुढच्या दिवसांत धनुर्वाताने मरण पावले. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे वळवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले.

ते लंडनला गेले आणि आपली बाजू मांडत राहिले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट कागदोपत्री होती. बाटली उघडली तेव्हा तिला घाण वास येत नव्हता, हेही नोंदलेले होते. धनुर्वाताचे जिवाणू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर वास लपला नसता. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. सरकारने माघार घेतली आणि त्यांना पुन्हा भारतात काम दिले, पण कलकत्त्याला. परळचे संचालकपद त्यांना परत मिळाले नाही. पाच वर्षे एका निरपराध माणसाच्या आयुष्यातून गेली आणि लसीवरचा लोकांचा विश्वास डळमळला तो वेगळाच. मुल्कोवालच्या त्या १९ जणांनाही या इतिहासात जागा आहे. ते विश्वासाने पुढे आलेले लोक होते.

हाफकिन गेल्यावरही परळचे काम मंदावले नाही. किंबहुना प्लेगचे कोडे सुटले ते नंतरच्या पाच-सहा वर्षांत आणि याच आवारात. उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते, असे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्येच कराचीत प्रयोगाने दाखवले होते, पण जाणकारांनी ते मानले नव्हते. परळचे डॉ. ग्लेन लिस्टन यांनी तो धागा पुन्हा उचलला. मुंबईच्या एका चाळीत उंदीर मेले आणि पाठोपाठ माणसे आजारी पडू लागली, तेव्हा तिथल्या रहिवाशांच्या अंगावरच्या पिसवा त्यांनी गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एरवी माणसाच्या अंगावर क्वचितच आढळणारी उंदराची पिसू त्यांत मोठ्या संख्येने निघाली. उंदीर मेला की उपाशी पिसू माणसाकडे वळते, हे त्यातून उघड झाले.

१९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने पुढचे प्रयोग परळलाच केले. आवारात सहा छोट्या कोठड्या बांधल्या. काहींवर उंदरांना सहज आसरा देणारी देशी कौले, काहींवर पन्हळी पत्रे. आत गिनीपिग ठेवले. काही जमिनीवर मोकळे, काही जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यात, काही दोन फुटांवर. जमिनीवरचे आणि दोन इंचांवरचे गिनीपिग प्लेगने मेले. दोन फुटांवरचे वाचले. हवा तीच, खोली तीच. फरक एवढाच की पिसवेची उडी दोन फूट पोहोचत नाही. काही प्रयोगांत प्राण्यांभोवती चिकट कागदाचा पट्टा पसरला होता. पिसवा त्यावर अडकल्या आणि आतले प्राणी सुखरूप राहिले. दूषित हवा, दूषित धान्य, दूषित जमीन अशा साऱ्या तर्कांचा निकाल त्या कोठड्यांत लागला. मुंबईत पुढे उंदीर मारण्याच्या आणि गोदामे पक्की बांधण्याच्या मोहिमा झाल्या त्यांचा शास्त्रीय पाया हाच. जीवशास्त्रातला इतका साधा, इतका स्वच्छ आणि इतका मोलाचा प्रयोग आपल्या शहरात झाला, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवे.

१९०६ मध्ये प्रयोगशाळेचे नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले आणि १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट. हाफकिन तेव्हा हयात होते, युरोपात होते. ज्या सरकारने त्यांना दूर केले त्याच सरकारने संस्थेला त्यांचे नाव दिले. १९३० साली लोझान इथे त्यांचे निधन झाले.

याच सुमारास एक इंग्रज स्त्री परळला काम करत होती. डॉ. ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईला आल्या त्या गरोदर स्त्रियांच्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घेण्यासाठी. गिरणगावातल्या गरीब बायकांत तो फार होता. लोहाने तो बरा होत नसे. या बायका काय खातात, काय त्यांच्या वाट्याला येत नाही, याच्या नोंदी विल्स यांनी काढल्या. मग उंदरांवर आणि माकडांवर आहाराचे प्रयोग केले. स्वस्त यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माइट, दिल्यावर आजारी माकड सुधारले. तोच उपाय रुग्ण स्त्रियांना लागू पडला. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला अज्ञात घटक काही काळ 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला आणि पुढे तो फॉलिक आम्ल असल्याचे ठरले. आज खेड्यापाड्यांत आशाताई गरोदर बाईच्या हातावर लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी ठेवते, तिचा उगम परळच्या या कामात आहे.

१९३२ मध्ये साहिबसिंग सोखी संचालक झाले. या पदावर आलेले ते पहिले भारतीय, आणि १९४९पर्यंत त्यांनी संस्था सांभाळली. औषधे परदेशातून विकत घेण्यापेक्षा देशात, सरकारी मालकीच्या कारखान्यांत आणि गरिबाला परवडतील अशा दरात बनली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. काँग्रेसने नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे ते अध्यक्ष होते. प्लेगच्या लसीसाठी त्यांनी मांसाच्या रश्शाऐवजी दुधातल्या केसिनपासून केलेले पोषक द्रव्य आणले. संस्थेत रसायनशास्त्राचा विभाग बळकट झाला, सल्फा औषधे बनू लागली. सोखी, वागळे, दीक्षित आणि गणपती यांचा प्लेगवरील रासायनिक उपचारांविषयीचा निबंध १९४१चा आहे. लस रोग टाळण्यासाठी. रोग जडल्यावर द्यायला आता प्रथमच काहीतरी हाती आले. यातले डॉ. बी. बी. दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

स्वातंत्र्यानंतरच्या संशोधनातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कॉलऱ्याचा जिवाणू माणसाला नेमका मारतो कसा, हा प्रश्न रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून पडून होता, कारण प्राण्यांत हुबेहूब कॉलरा उत्पन्न करता येत नव्हता. १९५५ मध्ये परळचे एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी सशाच्या दूधपित्या पिल्लांत तो उत्पन्न करून दाखवला. मग १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी असे दाखवले की जिवंत जिवाणू नसले तरी त्यांनी सोडलेले विष पिल्लांना तसाच जुलाब लावते. त्याच वर्षी कलकत्त्यात शंभुनाथ डे वेगळ्या पद्धतीने त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. कॉलऱ्याच्या विषाचा शोध हा या दोन भारतीय शहरांचा आहे. डे यांना उशिरा का होईना मान मिळाला. परळच्या चमूचे नाव मराठी वाचकाने तरी घ्यावे.

सामान्य माणसाला हाफकिन आठवते ते मात्र साप आणि कुत्र्यामुळे. कुत्रा चावला की पोटात चौदा सुया घ्यायच्या, हे दोन पिढ्यांनी ऐकलेले आणि भोगलेले आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस आता गेली आणि गेली ते बरे झाले. सर्पदंशावरचे प्रतिविष मात्र आजही तेवढेच गरजेचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष थोड्या थोड्या मात्रेने घोड्याला टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करायची आणि सुकवून कुपीत भरायची. ही भुकटी शीतकपाटाशिवायही टिकते, म्हणून ती दूरच्या आरोग्य केंद्रात पोहोचते. घोड्यांचे तबेले पिंपरीला. परळच्या सर्पालयात डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांचा अभ्यास केला आणि सामान्य वाचकांसाठी भारतीय सापांवर पुस्तकही लिहिले. भातखाचरात किंवा उसाच्या फडात पाय ठेवणाऱ्या माणसासाठी इतके थेट काम करणारी प्रयोगशाळा दुसरी दाखवणे अवघड आहे.

१९७५ मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन, प्रशिक्षण आणि चाचणी हे काम संस्थेकडे राहिले. लस आणि औषधांचे उत्पादन हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ या राज्य सरकारच्या कंपनीकडे गेले. महामंडळाने तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीचे प्रचंड काम केले. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला त्यात त्या कुप्यांचा वाटा मोठा आहे. कारभाराच्या दृष्टीने ही विभागणी समजण्याजोगी होती. तरी मला वाटते की तिची किंमतही मोजावी लागली. बोकडाच्या रश्शापासून केसिनपर्यंत, मुल्कोवालच्या बाटलीपासून पिसवांच्या कोठड्यांपर्यंत परळच्या प्रत्येक मोठ्या कामात लस बनवणारा आणि रोग समजून घेणारा माणूस एकाच जिन्याने वर-खाली करत होता. एकाची अडचण दुसऱ्याचा संशोधनाचा विषय होई. आवार अजून एकच आहे. दोन्ही संस्थांनी कामाची ती जुनी ये-जा पुन्हा सुरू करावी आणि सरकारने त्यासाठी पैसा आणि पदे द्यावीत, हे या निमित्ताने स्पष्ट म्हटले पाहिजे.

एक काम मात्र वाचकांच्या हातचे आहे. या लेखात संचालकांची आणि शास्त्रज्ञांची नावे आली. चंबू धुणारे, बाटल्या भरणाऱ्या बाया, सापाचे तोंड धरून विष काढणारे, पिंपरीचे मोतद्दार, लस घेऊन गावोगाव फिरणारे पट्टेवाले यांची नावे छापील इतिहासांत जवळजवळ कुठेच नाहीत. यांतली बरीच माणसे परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींत राहत होती. आपल्या घरात कोणी आजोबा, आजी, काका हाफकिनमध्ये नोकरीला असतील, तर त्यांचे नेमणुकीचे कागद, ओळखपत्र, जुनी छायाचित्रे, त्यांनी सांगितलेल्या आठवणी लिहून संस्थेच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. मूळ कागद देणे शक्य नसेल तर प्रत द्यावी. १५०व्या वर्षाच्या स्मरणिकेत त्यांची नावे असली पाहिजेत.